पिंजऱ्यातलं ‘हौ जी’

तीन बाजूंना छातीएवढा कठडा, चौथ्या बाजूला दोन पायऱ्या आणि मधे एका माणसाला उभं राहता येईल एवढी जागा. एवढाच मी. कोर्टातला साक्षीदाराचा पिंजरा. गाव कोणतं ते सांगत नाही. मूर्तिजापूरच्या आसपासचं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. जे सांगणार आहे त्यात माणसांची अब्रू आहे.

माझं लाकूड मेळघाटातलं, अस्सल सागवान. १९५१ साली एका मिस्तरीनं एकाच खोडातून दोन पिंजरे केले. एक मी आणि दुसरा आरोपीचा. आम्हाला त्यानं समोरासमोर बसवलं. उंची सारखी, पॉलिश सारखं. माझ्यातला माणूस बोलून झालं की घरी जायचा. समोरच्यातला कधी जायचा, कधी नाही.

आमच्या कोर्टाचे पट्टेवाले होते नत्थुजी. जवळच्याच खेड्यातले, डोक्याला भगवट फेटा. रोज सकाळी ते मला ओल्या फडक्यानं पुसत आणि पुसताना माझ्याशी बोलत. माणसांविषयी मी जे शिकलो, ते अर्धं त्यांच्याकडून आणि अर्धं माझ्या कठड्यावर टेकलेल्या हातांकडून.

एक गोष्ट मला लवकर कळली. बाहेरच्या निंबाखाली जो माणूस हात नाचवून सगळी हकिकत सांगत असायचा, तोच माझ्या दोन पायऱ्या चढला की त्याचा आवाज बदलायचा. नाव विचारलं तरी आधी घसा खाकरायचा. बाया नवऱ्याचं नाव घेत नसत. मग कुणीतरी पाठीमागून ते सांगायचं. एका म्हाताऱ्याला साहेबांनी विचारलं, “खरं सांगाल ना?” तो म्हणाला, “सांगीन जी. कोनाकडून सांगू?” सगळं कोर्ट हसलं. म्हातारा मात्र मनापासून विचारत होता.

तेव्हा मलाही हसू आलं होतं. पार्वताबाई आल्या, त्यानंतर मला कुणाच्या उत्तराचं हसू आलं नाही.

ते साल १९५७. आमचं वऱ्हाड नुकतंच मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलं होतं आणि पुण्याकडचे एक मॅजिस्ट्रेट बदलून आले होते. माणूस सज्जन. वेळेवर येत, कुणावर ओरडत नसत, साक्षीदाराचा शब्द न् शब्द स्वतःच्या हातानं इंग्रजीत लिहून घेत. पण आमच्या बोलीशी त्यांचं जमत नव्हतं. कुणी “कावून जी?” म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. त्यांना तो उर्मटपणा वाटायचा. विचारणारा बिचारा फक्त ‘का’ म्हणत असायचा.

खटला होता जाळपोळीचा. पांदणीवरून, म्हणजे शेताकडे जायच्या गाडीवाटेवरून, सूर्यभान नावाच्या तरुणाचं आणि जानराव नावाच्या मोठ्या शेतकऱ्याचं सकाळी कडाक्याचं भांडण झालं. दुपारी जानरावांची कडब्याची गंजी पेटली. तिथून आग गोठ्याला लागली आणि दावणीची बैलजोडी जळून मेली. बैल मेल्यामुळे सगळा गाव खवळला होता. सकाळी भांडला तो सूर्यभान, म्हणून पोलिसांनी सूर्यभानला धरलं. पेटवताना कुणीच पाहिलं नव्हतं.

सूर्यभानला आईबाप नव्हते. थोरला भाऊही वारलेला. भावाची विधवा पार्वताबाई, तिनंच त्याला चार वर्षांचा असल्यापासून वाढवलं होतं. घरात ती दोघंच. दुपारी सूर्यभान कुठं होता हे सांगू शकणारं माणूस जगात एकच होतं, आणि ते त्या दिवशी माझ्या पायऱ्या चढून आलं.

पार्वताबाईंनी डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढला होता. हात कामानं रापलेले. त्यांनी दोन्ही हातांनी माझा कठडा धरला. शपथ झाली.

सूर्यभानचे वकील चिंतामणराव अमरावतीहून आलेले. नवीनच सनद घेतलेली. त्यांनी विचारलं, “त्या दिवशी दुपारी सूर्यभान कुठं होता?”

“घरी व्हता जी. मले ताप...”

“पुरे. घरी होता. बाकीचं आता हे साहेब विचारतील, तेव्हा सांगा.” चिंतामणरावांनी सरकारी वकिलांकडे हात केला आणि ते खाली बसले.

पार्वताबाईंनी मान डोलावली. आपलं सांगणं आता यायचं आहे, एवढं त्यांनी मनात धरलं.

सरकारी वकील हरिहरराव उठले. साठी ओलांडलेले, लांब कोट, पांढऱ्या मिशा. आवाज इतका शांत की देवळातल्या पुराणिकाची आठवण यावी. ते जवळ आले तसा पार्वताबाईंनी पदर आणखी पुढे ओढला आणि नजर खाली घातली. घरातला वडीलधारा समोर आला की सून उभी राहते, तशा त्या उभ्या राहिल्या.

“बाई, सकाळी जानरावांशी तुमच्या दिराचं भांडण झालं.”

“हौ जी.”

“सूर्यभान तसा तापट स्वभावाचा. घरी आला तेव्हा तो रागातच होता.”

“हौ जी.”

“दुपारी त्यानं काडीपेटी घेतली.”

“हौ जी.”

“ती घेऊन तो बाहेर पडला, आणि गंजीचा धूर दिसू लागल्यावर घाईघाईनं परत आला.”

“हौ जी.”

साहेबांचा टाक कागदावर चालत होता. चार ओळी लिहून झाल्या. हरिहरराव म्हणाले, “मला आणखी काही विचारायचं नाही,” आणि ते वळले.

तेव्हा पार्वताबाईंनी पहिल्यांदा मान वर केली. चेहऱ्यावर थोडा धीर आला होता. त्या म्हणाल्या, “आता मी सांगू का जी?”

मागच्या बाकांवर हसू फुटलं. कारकून म्हणाला, “झालं बाई तुमचं सांगून.”

चिंतामणराव ताडकन उठले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. “बाई, काय बोलून बसलात हे? मघाशी म्हणालात घरी होता! तो घरी होता की बाहेर गेला? एकच सांगा!”

ते रागावले होते ते काळजीनं. पण पार्वताबाईंना फक्त राग ऐकू आला. आपल्याच बाजूचा माणूस भर सभेत ओरडतोय, म्हणजे आपल्या हातून काहीतरी भयंकर घडलं, हे त्यांना कळलं. काय घडलं ते कळेना. त्यांचे ओठ हलले. आवाज आला नाही. चिंतामणरावांनी पुन्हा विचारलं, अधिक जोरात. माझा कठडा पार्वताबाईंनी इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली.

साहेबांनी टाक उचलला. मग त्यांनी लिहिलं आणि मोठ्यानं म्हणाले, “साक्षीदार निरुत्तर.”

दुपारच्या सुटीत नत्थुजी मला पुसायला आले. फडकं हातात तसंच राहिलं. त्यांनी कारकुनाला हाक मारली.

“बाबू, तिचं ते हौ म्हंजे कबुली नव्हे.”

“मग काय?”

“हुंकारा व्हय तो. मोठं मानूस बोलून राहिलं, का आपन हौ जी, हौ जी म्हनत राहा लागते. नाई तर त्याले वाटते, हिचं ध्यानच नाई. वकीलसाहेबानं आपली गोष्ट सांगतली, ते तिनं आयकली. तिची गोष्ट सांगाची राहूनच गेली ना.”

कारकुनानं हातातला कागद पुढे केला. “अहो नत्थुजी, साहेबांनी इंग्रजीत ‘येस’ लिहिलंय. हुंकारा इंग्रजीत कसा लिहायचा?”

तेवढ्यात साहेबच आतून बाहेर आले. दोघं गप्प झालेले पाहून त्यांनी विचारलं, “काय नत्थुजी? काही म्हणायचं आहे का?”

ते मनापासून विचारत होते. मी समोरच होतो, मला दिसत होतं. नत्थुजींनी फडकं मागे लपवलं, मान खाली घातली आणि म्हणाले, “नाई जी.”

साहेब निघून गेले. नत्थुजींनी त्या दिवशी मला तीनदा पुसलं.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. साहेबांनी तो इंग्रजीत वाचला. पार्वताबाई मागच्या दाराशी उभ्या होत्या. पोलिसानं सूर्यभानच्या दंडाला धरलं तेव्हा कुठं त्यांना समजलं. दोन वर्षं सक्तमजुरी. जाता जाता सूर्यभान त्यांच्यापाशी थांबला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं.

“वयनी, तू हौ कावून म्हनली?”

“मी कुठी म्हनली रे?”

“मी आयकलं ना. चारदा म्हनली.”

लहानपणापासून वहिनीचं हेच ‘हौ’ ऐकत तो वाढला होता. चुलीपाशी तो दिवसभराच्या गप्पा सांगायचा आणि ती भाकर थापता थापता ‘हौ, हौ’ करायची. पण आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहिलेल्या माणसाचे कानही बदलतात. तिथून त्याला ती कबुलीच ऐकू आली.

वरच्या कोर्टात अपील झालं. तिथं पार्वताबाई नव्हत्या, त्यांचा आवाज नव्हता. कागद होते. कागदावर चार वेळा होकार होता. शिक्षा कायम झाली.

त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी पार्वताबाई कोर्टाच्या ओसरीवर येऊन बसू लागल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या वकिलांना म्हणायच्या, “मले एकडाव पुन्हा उभं करा जी.” कुणी समजावून सांगायचं, कुणी हसायचं. नत्थुजी पाण्याचा तांब्या आणून द्यायचे.

एके दिवशी दुपारी कोर्ट रिकामं होतं. नत्थुजींनी त्यांना आत बोलावलं. म्हणाले, “चढा. सांगा काय सांगाचं ते.”

पार्वताबाई माझ्या पायऱ्या चढल्या. साहेबांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून त्यांनी हात जोडले आणि सांगायला लागल्या. त्या दिवशी त्यांना हिवताप भरला होता. सूर्यभान भांडून आला तो रागात होता, हे खरं. पण वहिनी कुडकुडताना दिसली आणि त्याचा राग कुठल्या कुठे गेला. अंगावर घोंगडी टाकली. काडीपेटी घेतली ती चूल पेटवायला. त्याला भाकर थापता येत नव्हती. त्यानं कण्या शिजवल्या, त्याही खाली लागल्या. बाहेर गेला तो विहिरीवर, पाणी आणायला. तिथून त्याला धूर दिसला, आणि वहिनी एकटी आहे म्हणून तो धावत घरी आला.

“मंग तिकडं इझवाले गेला जी तो. बैलाचे दावे तोडाले गेला, तर त्याचा हात पोळला. हे सांगाचं व्हतं मले. वकीलसाहेब बोलून राहिले व्हते, म्हून थांबली व्हती मी.”

नत्थुजी भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी फेट्याच्या टोकानं डोळे पुसले. ती साक्ष कुणी लिहून घेतली नाही.

सूर्यभान १९५९ साली सुटला. गावी आला नाही. अंजनगाव सुर्जीकडे एका पानमळ्यात कामाला राहिला. पार्वताबाई एकदा तिथं गेल्या होत्या. त्यानं बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं, चहा आणला. मात्र तो काही बोलला नाही आणि त्यांनाही सुरुवात कुठून करावी ते सुचलं नाही. संध्याकाळच्या एस.टी.नं त्या परत आल्या. हे त्यांनीच नत्थुजींना ओसरीवर सांगितलं. हळूहळू त्यांचं येणंही थांबलं.

१९६३ साली त्या पुन्हा माझ्यात उभ्या राहिल्या. तीच पांदण. जानरावांनी ती काट्या टाकून पुरती बंद केली होती आणि गावातल्या लोकांनी दावा लावला होता. वाट जुनी आहे हे सांगायला गावातलं एक जुनं माणूस म्हणून पार्वताबाईंना आणलं होतं. साहेब दुसरे, वकील दुसरे. केस पांढरे झाले होते. कठडा धरणारे रापलेले हात तेवढे मला ओळखीचे होते.

“तुमचं नाव पार्वताबाई?”

“नाई.”

वकील चमकले. “या गावात तुम्ही चाळीस वर्षं राहता?”

“नाई.”

“ही पांदण पूर्वीपासून आहे ना?”

“नाई. नाई जी.”

लोक हसू लागले. कुणीतरी म्हणालं, म्हातारी चळली. म्हातारी चळली नव्हती. या जागेत उभं राहून ‘हौ’ म्हटलं की घरातलं माणूस जातं, एवढं ती शिकली होती. आणि ते शिकवणारा मीच होतो.

साहेब लिहायला लागणार, तोच दाराशी उभे असलेले नत्थुजी पुढे आले. “साहेब, लहान तोंडी मोठा घास. पन इले असं नका इचारू. इले इचारा, का बाई, तुमचे बैलं वावरात कुठून जात व्हते.”

पट्टेवाल्यानं मधे बोलायचं नसतं. साहेबांनी चष्म्याच्या भिंगातून त्यांच्याकडे पाहिलं. मग स्वतःच, हळू आवाजात, पार्वताबाईंना तोच प्रश्न विचारला.

पार्वताबाईंनी मान वर केली. मग त्या बोलू लागल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा बोरीच्या झाडापासून वळणारी वाट, तिच्यातला चिखल, सासऱ्यांच्या बैलांची नावं, दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, कुठं फसायची, सूर्यभान लहान असताना कुठल्या दगडावर बसून रडायचा. अर्धा तास त्या बोलल्या. साहेबांनी मधे एकदाही टोकलं नाही. पांदण मोकळी झाली.

खाली उतरताना पार्वताबाईंनी साहेबांकडे पाहून विचारलं, “मंग तवा कावून असं नाई इचारलं जी?”

साहेबांना त्या कशाविषयी बोलताहेत ते ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं ते नत्थुजी दाराकडे तोंड करून उभे होते. त्या वर्षअखेरीस ते निवृत्त होऊन आपल्या खेड्यात गेले. मला पुसायला दुसरा पट्टेवाला आला. तो माझ्याशी बोलत नसे.

१९६६ मध्ये माझी एक पायरी मोडली. नवा पिंजरा आला आणि मला कागदांच्या नकला देतात त्या खिडकीजवळच्या ओसरीत ढकललं. तिथंच एके दुपारी मी सूर्यभानला पाहिलं. डोक्यावरचे केस काढलेले होते. पार्वताबाई गेल्या होत्या.

त्यानं त्या जुन्या साक्षीची नक्कल मागितली. “काय करणार आता?” कारकुनानं विचारलं.

“तिचं काईच नाई घरात. फोटो नाई. तिचं बोलनं तेवढं तुमच्या कागदात हाये म्हने.”

कागद हातात पडल्यावर तो म्हणाला, “मले इंग्रजी येत नाई. वाचता का जी?” वयस्क कारकून होता. चष्मा लावून तो मराठीत सांगू लागला. सूर्यभान त्याच्यासमोर अदबीनं हात बांधून उभा राहिला.

“सकाळी जानरावांशी भांडण झालं.”

“हौ जी.”

“माझा दीर तापट स्वभावाचा आहे. घरी आला तेव्हा तो रागात होता.”

“हौ जी.”

“त्यानं काडीपेटी घेतली.”

“हौ जी.”

“ती घेऊन तो बाहेर...”

सूर्यभाननं हात वर केला. कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं. “काय झालं?”

“बाबूजी, मी आत्ता काय म्हनलो?”

“तुम्ही? हौ जी म्हणालात. का हो?”

सूर्यभाननं माझा कठडा धरला आणि तो खाली बसला. त्याच्या तळहातावर जुन्या भाजल्याचा गुळगुळीत डाग होता. मग कुणाला तरी सांगावं तसा म्हणाला, “नऊ वरसं झाले. नऊ वरसं मी तिच्याशी बोललो नाई.”

कारकुनानं पाणी आणलं. सूर्यभाननं ते घेतलं नाही. नक्कल घडी करून सदऱ्याच्या आत ठेवली आणि तो एस.टी.कडे चालत गेला. अंजनगावच्या नाही, गावाकडच्या गाडीत बसला, असं पट्टेवाल्यांच्या बोलण्यातून मी ऐकलं. तिथं आता त्याची वाट पाहणारं कुणी नव्हतं.

आता मी कचेरीच्या मागच्या पडवीत आहे. पाठीला वाळवी लागली आहे. पुढच्या महिन्यात मोडक्या सामानाचा लिलाव आहे म्हणतात. मला कुणाला दोष द्यायचा नाही. हरिहरराव खोटे नव्हते, चिंतामणराव वाईट नव्हते, ते पुण्याचे साहेब तर अतिशय न्यायी होते. सगळ्यांनी तिचा शब्द बरोबर ऐकला. तो शब्द ती कुणासमोर आणि कशी उभी राहून बोलतेय, ते मात्र कुणी पाहिलं नाही. तुम्ही तरी पाहत जा. समोरचं माणूस ‘हो’ म्हणालं तर क्षणभर थांबा. कदाचित त्याचं बोलणं अजून सुरू व्हायचं असेल.

लिलावात मला घेणाऱ्यानं चुलीत घातलं तरी माझी तक्रार नाही. पण लाकूड अजून आतून बरं आहे. कुणी माझी चौकट केली तर फार बरं होईल. आमच्याकडे माणसं निघतो निघतो म्हणत दाराच्या चौकटीला टेकून तासभर बोलत राहतात. तिथं त्यांना कुणी शपथ घालत नाही.